पणजी कोण होती, कधी गेली, कशाने गेली: हे शोधायचं कसं

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एखाद्या छोट्या गावात जगून गेलेल्या आपल्या घरातल्या बाईची माहिती काढायची म्हटलं की सगळे आधी मृत्यूचा दाखला काढायला धावतात, तिथे काही मिळालं नाही की "जाऊ दे, एवढं जुनं कुठे मिळणार" म्हणून सोडून देतात. मी पण आधी तेच केलं आणि त्यात दोन वर्षं घालवली. मग कळलं की बाईचा शोध पुरुषाच्या शोधासारखा घेताच येत नाही. पणजोबांचं नाव सातबाऱ्यावर, शाळेच्या रजिस्टरवर, घरपट्टीच्या पावतीवर सगळीकडे सापडतं. पणजी सापडते ती कुणाची तरी बायको, कुणाची तरी आई, कुणाची तरी विधवा म्हणून, त्यामुळे तिला शोधायला दुसऱ्याच जागा बघाव्या लागतात. माझी पणजी सातारा जिल्ह्यातली, तरुणपणी गेली, पोरं लहान होती, यापलीकडे घरात कुणालाच काही माहीत नव्हतं, नाव सुद्धा नाही, सगळे "मोठी आई" एवढंच म्हणायचे. तिच्यामागे लागून मी जे शिकले ते लिहितेय.

पहिलं काम घरातल्या म्हाताऱ्या बायकांशी बोलणं. आजी, आत्या, मावशी, चुलतआजी जी कोण असेल तिच्याकडे जा, आणि हे या महिन्यात करा, कागद कपाटात थांबतील पण माणसं नाही थांबत. विचारताना "पणजी कधी गेली" असं विचारू नका, साल कुणाला आठवत नाही. विचारा की ती गेली तेव्हा पीक शेतात उभं होतं का, पाऊस होता का, कुणाचं लग्न ठरलेलं होतं का, घरात बाळ होतं का, दिवाळी केली होती का. आमच्या आत्याआजीला साल अजिबात सांगता आलं नाही पण "त्या वर्षी घरात दिवाळीच झाली नाही आणि आठवड्यात तिघं गेली" हे तिने घरात ऐकलेलं होतं, आणि त्या एका वाक्यावर पुढचा सगळा शोध उभा राहिला. फोनवर रेकॉर्डिंग करा, त्यांना सांगून करा, आणि मधे मधे दुरुस्त करत बसू नका, चुकीचं सांगत असल्या तरी बोलू द्या.

मोठ्या घटनांची एक ढोबळ यादी जवळ ठेवा म्हणजे आठवणीला साल लावता येतं. 1876 ते 78 चा दुष्काळ, मग संवत 1956 चा म्हणून छप्पन्नाचा म्हणतात तो 1899-1900 चा. प्लेग 1896 च्या सप्टेंबरात मुंबईला मांडवी भागात सुरू झाला, तिथून पुण्यात आणि मग गावोगाव, आणि तो एकदा येऊन गेला असं नाही, पुढे वीसेक वर्षं परत परत येत राहिला, म्हणून "प्लेगात गेली" म्हणजे 1897 च असं धरू नका. लोक घरं सोडून माळावर झोपड्या बांधून राहायचे, ती आठवण घरात असेल तर ती बहुतेक प्लेगाचीच. सावित्रीबाई फुले 10 मार्च 1897 ला पुण्यात याच साथीत रुग्णांची सेवा करताना गेल्या, हे आपल्याला माहीत असतं, पण आपल्या घरातली कोण त्यात गेली ते माहीत नसतं. 1918 ची साथ म्हणजे इन्फ्लुएंझा, जुनी माणसं तिला मानमोडी म्हणायची. हिंदुस्थानात त्यात किती गेले याचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटीपर्यंत आहेत आणि ती साथ म्हाताऱ्यांपेक्षा तरण्याताठ्यांना, त्यातही वीस ते चाळीसच्या बायकांना जास्त घेऊन गेली. घरात सगळे आजारी, सेवा करणारी तीच, आणि कधी पोटुशी असलेली. आणखी एक खूण सांगते, "दिवसा काळोख झाला, चांदण्या दिसल्या" असं कुणी सांगत असेल तर 22 जानेवारी 1898 चं खग्रास सूर्यग्रहण बघा, ते विजयदुर्गपासून सोलापूरकडच्या जेऊरपर्यंत आणि पुढे दिसलं होतं, त्या पट्ट्यात तुमचं गाव असेल तर तारीखच हातात आली.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आणि कुणी न बघणारी जागा, श्राद्धाची तिथी. बाईचं थडगं नाही, पाटी नाही, पण ज्या घरात श्राद्धं होतात तिथे तिची तिथी असते. जुन्या पंचांगाच्या मागच्या पानावर, आजोबांच्या डायरीत, देवघराच्या कपाटाला आतून चिकटवलेल्या कागदावर तिथ्यांची यादी मिळते, आणि नाही मिळाली तर घरच्या गुरुजींकडे विचारा. दोन गोष्टी वेगळ्या समजून घ्या. वर्षश्राद्ध ज्या तिथीला होतं ती तिच्या मृत्यूची तिथी. पितृपक्षातलं मात्र वेगळं, नवऱ्याआधी गेलेल्या बाईचं ते भाद्रपद वद्य नवमीला, म्हणजे अविधवा नवमीला करतात, मग ती कुठल्याही तिथीला गेलेली असो. म्हणजे नवमीवरून तारीख कळत नाही पण ती सवाष्ण गेली हे नक्की कळतं. बऱ्याच घरांत नवरा गेल्यावर ही नवमी बंद करतात, त्यामुळे "आमच्याकडे नाही करत" एवढ्यावरून ती विधवा होती असा निष्कर्ष काढू नका, पूर्वी करायचे का ते विचारा.

तिथी मिळाली की तिला साल लावायचं. आमच्याकडे आश्विन वद्यातली तिथी निघाली, त्यात आत्याआजीचं दिवाळी न झालेलं आणि आठवड्यात तिघं गेलेलं, म्हणून मी 1918 म्हणजे शके 1840 धरून बघितलं. त्या वर्षी आश्विन वद्य पक्ष 20 ऑक्टोबरच्या आसपास सुरू होऊन 3 नोव्हेंबरच्या अमावास्येला संपतो, म्हणजे साथ अगदी भरात असतानाचे दिवस. शक आणि इसवी सनाचं गणित सोपं आहे, शकात 78 मिळवा, आणि जानेवारी ते गुढीपाडव्यामधली तारीख असेल तर 79. मराठवाड्यातले असाल तर निजामाच्या काळातल्या कागदांवर फसली साल, म्हणजे महसुलाचं वर्ष, असतं, त्यात साधारण 590 मिळवायचे, म्हणजे फसली 1338 म्हणजे 1928-29. अधिक महिना आलेलं साल असेल तर तारीख महिनाभराने सरकते तेवढं तपासा, जुनी पंचांगं मोठ्या ग्रंथालयात मिळतात आणि तिथीवरून तारीख काढून देणारी सॉफ्टवेअर पण आता आहेत.

यानंतर नावाचा प्रश्न. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायचे, ताटात तांदूळ पसरून त्यावर नवं नाव लिहायचे, म्हणजे एकाच बाईची निदान दोन नावं असणार, वर घरात हाक मारायचं तिसरंच. डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी 1865 साली कल्याणला जन्मल्या तेव्हा यमुना होत्या, आनंदी हे लग्नातलं नाव. त्यांच्याबद्दल एवढं लिहिलं गेलं म्हणून दोन्ही नावं आपल्याला माहीत, आपल्या पणजीचं माहेरचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलेलं नसतं. म्हणून शोधाच्या वहीत पहिल्या पानावर तिची सगळी संभाव्य नावं लिहा आणि प्रत्येक कागदावर सगळ्या नावांनी शोधा.

घरातली भांडी तपासा, हे मी अगदी कळकळीने सांगतेय. माळ्यावरची तांब्या-पितळेची जुनी भांडी मोडीत देण्याआधी प्रत्येकाचा काठ, बूड आणि कानाखाली बघा, ठोकून घातलेली नावं असतात, राख-चिंचेने घासून घ्या मग अक्षरं दिसतात. कुणी दिलं, कुणाला दिलं, कधी कधी तिथी आणि शक सुद्धा असतो. आणि नावाआधीची अक्षरं नीट वाचा. "सौ." म्हणजे नवरा जिवंत, "गं. भा." म्हणजे गंगाभागीरथी, ती तेव्हा विधवा होती, "चि. सौ. कां." म्हणजे लग्न ठरलेली किंवा लग्नातली मुलगी, "कै." म्हणजे गेलेली आणि भांडं तिच्या नावाने दिलेलं. समजा दोन भांडी मिळाली, एकावर सौ. शके 1825 आणि दुसऱ्यावर गं. भा. शके 1833, तर मधल्या आठ वर्षांत तिचा नवरा गेला हे कुठल्याही दाखल्याशिवाय कळलं. जुन्या पत्रांच्या मायन्यात पण हीच अक्षरं असतात, "ती. सौ." की "ती. गं. भा." ते बघा (ती. म्हणजे तीर्थरूप), आणि पोस्टकार्ड असेल तर शिक्क्यावरची तारीख वाचा. आमच्या घरात एरवी प्रत्येक पत्रावर वर श्री असायचा, ज्या एका पत्रावर श्री नव्हता ते मृत्यूची बातमी कळवणारं निघालं.

देवघरातले टाक, म्हणजे देवांच्या किंवा पूर्वजांच्या प्रतिमा ठोकलेले धातूचे छोटे पत्रे, पण विसरू नका. काही घरांत पहिली बायको गेली आणि नवऱ्याने दुसरं लग्न केलं तर पहिलीचा टाक करून पूजेत ठेवायचे किंवा दुसरीच्या गळ्यात घालायचे. "हा कुणाचा टाक" विचारल्यावर अख्खी एक बाई समोर येते जी वंशावळीत नसतेच, कारण वंशावळीत मुलगे झालेल्यांचीच नावं जातात.

आता सरकारी कागद. गावात जन्म-मृत्यूची जी नोंद पूर्वी पाटील-कोतवालांमार्फत व्हायची त्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, ऑफिसात गाव नमुना 14 म्हणा, आणि हे जुने खंड बहुतेक तहसील कार्यालयाच्या रेकॉर्ड रूममधे असतात. गाव मोठं असून तिथे नगरपालिका असेल तर मृत्यूचं रजिस्टर नगरपालिकेत. नक्कल मागताना अर्जात एकच साल लिहू नका, पाच वर्षांचा पल्ला द्या, गाव, नवऱ्याचं नाव, आडनाव आणि तिची सगळी नावं द्या. मला एका ऑफिसात तीनदा "असं काही नाही" सांगून परत पाठवलं, चौथ्यांदा गेले तेव्हा रेकॉर्ड सांभाळणाऱ्या बाईंनी स्वतः माझ्याबरोबर बसून खंड उघडला आणि अर्ध्या तासात नोंद मिळाली. ऑक्टोबर 1918, वय 25, कारण ताप. बस एवढंच, आणि त्याच पानावर वरपासून खालपर्यंत ताप, ताप, ताप लिहिलेलं होतं, ते पान बघून मला तिथेच बसून रडू आलं.

नोंद वाचताना थोडी सावधगिरी. त्यात बाईचं नाव पुष्कळदा नसतंच, "अमक्याची बायको" एवढंच असतं. वय अंदाजे असतं, 25, 30, 40, 50 असे गोल आकडे दिसले की पाच-सात वर्षं इकडे तिकडे धरा. कारणाच्या रकान्यात ताप असेल तर तो हिवताप, प्लेग, इन्फ्लुएंझा, बाळंतपणातला काहीही असू शकतो, म्हणून आजूबाजूची पानं बघा, एकाच महिन्यात मृत्यू दुप्पट तिप्पट झालेत का, तिच्या मृत्यूच्या आठवड्याभरात त्याच घरात जन्माची किंवा तान्ह्या बाळाच्या मृत्यूची नोंद आहे का. असेल तर ती बाळंतपणात गेली असण्याची शक्यता खूप. पटकी म्हणजे कॉलरा, देवी म्हणजे स्मॉलपॉक्स, गाठीचा ताप म्हणजे प्लेग.

जमिनीचे कागद. पणजोबा आधी गेले असतील आणि पणजी मागे राहिली असेल तर इथे तिची सगळ्यात जास्त माहिती मिळते. जुना फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद, काढा, वारसाच्या फेरफारात "अमुक तारखेस मयत, वारस बायको अमुक व मुले अज्ञान" अशी नोंद असते (अज्ञान म्हणजे अल्पवयीन), त्यात नवऱ्याची मृत्यूतारीख, तिचं सासरचं नाव आणि मुलांची नावं-वयं एकत्र मिळतात. सातबाऱ्यावर इतर हक्कात कुणा बाईच्या पोटगीची नोंद असेल तर ती कोण हे जरूर शोधा, दिराच्या घरात राहिलेली विधवा असते बहुतेक. गावठाणातलं घर असेल तर सिटी सर्व्हेच्या ऑफिसात मालमत्ता पत्रक आणि त्यामागची चौकशी नोंदवही बघा, घर कुणाकडून कुणाकडे आलं ते त्यात लिहिलेलं असतं. काही जिल्ह्यांचे जुने अभिलेख स्कॅन होऊन महाभूमीच्या आपले अभिलेख साइटवर आहेत, आधी तिथे बघा, हेलपाटा वाचतो. दुय्यम निबंधक कार्यालयात दस्तांची सूची असते, त्यात दत्तकपत्र हा शब्द शोधा, कारण मूल नसलेल्या विधवेने दत्तक घेतला की त्या दस्तात तिचं स्वतःचं म्हणणं, सासरची पूर्ण हकीकत, कधी कधी शेवटी तिचा अंगठा असतो. एखाद्या बाईने स्वतःच्या बोटाने उमटवलेलं तेवढंच एक चिन्ह जगात उरलेलं असतं.

जुन्या कागदांत बायकोचं नाव लिहायची पद्धत वेगळी होती, ती माहीत नसेल तर डोळ्यासमोरून नाव निघून जातं. "रामजी बिन सखोजी" म्हणजे सखोजीचा मुलगा रामजी, हे बहुतेकांना माहीत असतं. बाईसाठी "कोम" येतं, "साळूबाई कोम रामजी" म्हणजे रामजीची बायको साळूबाई. कोमच्या जागी भ्रतार, मर्द किंवा जवजे पण दिसेल, अर्थ तोच. मी पहिल्यांदा "मर्द" वाचून तो पुरुष समजून तीन कागद बाजूला ठेवले होते.

मोडी लिपीला घाबरू नका. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यातले कितीतरी कागद मोडीत आहेत, आणि अख्खा कागद वाचायला वेळ लागत असला तरी आपलं आडनाव, गावाचं नाव, कोम, बिन, मयत, वारस एवढे शब्द ओळखायला रोज अर्धा तास दिला तर महिनाभरात जमतं. मोडीत ऱ्हस्व दीर्घ वेगळा नसतो आणि शब्द तोडलेले नसतात, म्हणून आधी रेघेत आडनाव शोधायचं आणि तिथून मागे पुढे सरकायचं. कागद महत्त्वाचा वाटला तर मोडी जाणकाराकडून पूर्ण लिप्यंतर करून घ्या, 2023 पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे जिल्ह्याजिल्ह्यात मोडी वाचणारे लोक आता माहीत झालेत. मराठवाड्यातल्यांना उर्दू वाचणारं माणूस पण लागेल.

नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या ही आणखी एक मोठी जागा. गाव आणि आडनाव सांगितलं की तुमच्या घराण्याचे उपाध्याय कोण ते तिथे कुणीही सांगतं. या वह्यांत बायकांची नावं मिळायचं कारण असं की श्राद्धाच्या संकल्पात आई, आजी, पणजी अशा तीन पिढ्यांच्या बायकांची नावं घ्यावीच लागतात, म्हणून यात्रेला गेलेल्या पणजोबांनी स्वतःच्या आईचं आणि आजीचं नाव तिथे सांगितलेलं असतं. फोटो काढायच्या आधी विचारा, दक्षिणा द्या, आणि गर्दीच्या दिवसांत जाऊ नका. कोकणातल्या आणि देशावरच्या बऱ्याच घराण्यांचे छापील कुलवृत्तांत आहेत, त्यात बायकोच्या नावापुढे माहेरचं आडनाव आणि गाव असतं, पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात किंवा मुंबई, ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात विचारून बघा. ख्रिस्ती घराणं असेल, नगरकडचं, वसईचं किंवा गोव्याचं, तर चर्चच्या बाप्तिस्म्याच्या आणि दफनाच्या वह्यांत बाईचं नाव आई-वडिलांसकट मिळायची शक्यता असते. खानेसुमारीच्या मागे मात्र लागू नका, त्यात आकडे मिळतात, माणसांची नावं नाही.

तारीख आणि नाव मिळालं म्हणजे ती बाई मिळाली असं नाही, तिचा दिवस कसा जायचा हे पण शोधा. जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर वाचा, गावाची वस्ती, बाजाराचा वार, पाणी कुठून यायचं, दवाखाना होता का, मुलींची शाळा होती का हे त्यात असतं. दवाखाना किती मैलांवर होता हे कळलं की "ताप" या शब्दाचा अर्थच बदलतो. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून गोळा केलेल्या जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या परीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) साइटवर टप्प्याटप्प्याने येतायत, तुमच्या भागातल्या गावाची ओवी मिळाली तर जरूर ऐका, पणजीच्या तोंडी असेच शब्द असणार. तिच्या लग्नाचं वय ठरवताना आजच्या हिशोबाने जाऊ नका, शारदा कायदा 1930 च्या एप्रिलपासून लागू झाला आणि त्यात सुद्धा मुलीचं वय 14 च होतं. पहिल्या मुलाचं जन्मसाल घेऊन त्यातून पंधरा-सोळा वजा केले की तिच्या जन्माचा अंदाज येतो, पण आधी गेलेली बाळं मोजायला विसरू नका, ती कुठल्याच यादीत नसतात.

जे मिळेल ते लिहून ठेवताना प्रत्येक गोष्टीपुढे कुठून कळलं ते लिहा. आत्याआजीने सांगितलं, रजिस्टरात वाचलं, की मी तर्क केला, हे तिन्ही वेगळ्या शाईने लिहिलं तरी चालेल. त्रासाचं काही निघालं, छळ, घराबाहेर काढणं, विहिरीत मिळालेली बाई, तर ते गाळू नका पण जिवंत माणसांशी आधी बोला. आमच्याकडे काही काळ सगळ्यांची तोंडं बंद झाली होती, मग धाकट्या काकांनीच फोन करून पुढचं सांगितलं.

माहेरचं नाव मला सगळ्यात शेवटी मिळालं. संध्येची छोटी पंचपात्री, रोजच्या वापरातली, चाळीस वर्षं मी तिच्यात पाणी भरत आले. बुडाशी ठोकलेलं नाव झिजून गेलेलं, मोबाइलचा टॉर्च तिरपा धरला तेव्हा दिसलं, पुढे चि. सौ. कां., म्हणजे तिच्या लग्नातली. नाव इथे लिहीत नाही, घरात अजून सगळ्यांना सांगून झालेलं नाही. या वर्षी वद्य नवमीला गुरुजींना तिची दोन्ही नावं घ्यायला सांगितलंय.